टाकीखालची टाकी

दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीपुढे पाहुणे थबकतात ते केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशसाठी, डोलणाऱ्या समुद्रफुलांसाठी, प्रवाळांच्या रंगांसाठी. ज्याने ती टाकी बसवली त्याची निम्मी मेहनत मात्र खालच्या कपाटाच्या दारामागे असते. तिथे आणखी एक टाकी असते, तिला सम्प म्हणतात. उभ्या काचपट्ट्यांनी तिचे तीन-चार कप्पे केलेले असतात. वरच्या टाकीच्या काठावरून ओसंडलेले पाणी पाइपाने पहिल्या कप्प्यात उतरते आणि कापडी पिशवीतून गाळले जाते. मग ते फेस काढणाऱ्या स्किमरपाशी येते, तिथून शेवाळ वाढवलेल्या कप्प्यातून सरकते आणि शेवटच्या कप्प्यातला पंप त्याला पुन्हा वर चढवतो. मुंबईतल्या इमारतीची तळटाकी आणि गच्चीवरची टाकी यांचे जे नाते, तेच इथले. फरक एवढाच की इथे तेच पाणी दिवसरात्र फिरत राहते.

हे कप्पे एका माणसाने एका बैठकीत आखलेले नाहीत. एकाचे मूळ व्हिक्टोरियन लंडनमध्ये आहे, दुसऱ्याचे सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्याचे जर्मनीत, चौथ्याचे वॉशिंग्टनच्या संग्रहालयात. गंमत अशी की दर्शनी काचेमागे दिसते त्याखेरीज न दिसणाऱ्या पाण्याचा साठाही हवा, ही यातली सर्वांत महत्त्वाची कल्पना १८७१ मध्येच लोकांसमोर उभी होती. घरगुती टाक्यांपर्यंत यायला तिला आणखी शंभरावर वर्षे लागली.

सुरुवात समुद्रकाठीच झाली. जान व्हिलप्रो-पॉवर ही फ्रेंच स्त्री लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिनाला राहायला गेली. आर्गोनॉट नावाचा अष्टपाद आपले नाजूक कवच स्वतः बनवतो की दुसऱ्या प्राण्याचे बळकावतो, असा वाद त्या काळी निसर्गशास्त्रज्ञांत चालू होता. तो सोडवण्यासाठी तिने १८३२ मध्ये काचेच्या टाक्या करवून घेतल्या, त्यांत जिवंत आर्गोनॉट ठेवले आणि कवच त्याचे स्वतःचेच असते हे दाखवून दिले. पण मेसिनात समुद्र दाराशीच होता. पाणी बिघडले तर ताजे आणता येत होते. समुद्रापासून दूर, त्याच त्या पाण्यात प्राणी जगवायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता.

तो लंडनमध्ये सुटला, तोही एका पाद्र्याच्या घरात. वेस्टमिन्स्टर ॲबेचे उपप्रमुख लॉर्ड जॉन थिन यांच्या पत्नी ॲना थिन यांनी १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत दगडी प्रवाळ आणले. प्रवासात ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांनी सुईदोऱ्याने ते स्पंजाला शिवून टाकले. लंडनमध्ये रोज नवे समुद्राचे पाणी मिळणे अशक्य होते. तेव्हा त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. धार पडताना पाण्यात हवा मिसळे. पाणी हलते ठेवायचे आणि त्याला हवा द्यायची, ही दोन्ही कामे त्या खिडकीत माणसाच्या हातांनी होत होती. पुढच्या वर्षी थिनबाईंनी त्यात जिवंत समुद्रशैवाल सोडले. त्यांचे प्रवाळ तीन वर्षांहून अधिक जगले. या प्रयोगांचा वृत्तांत छापला गेला तो मात्र १८५९ मध्ये.

तोवर दुसऱ्याच माणसाचे नाव झाले होते. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमधले रसायनतज्ज्ञ. त्यांनी गोड्या पाण्याच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपे ठेवली. मासे जो कार्बन डायऑक्साइड सोडतात तो रोपे घेतात आणि बदल्यात ऑक्सिजन देतात, एवढे गणित जमले. पण रोपांची कुजकी पाने पाणी नासवू लागली. वॉरिंग्टननी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये त्यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला आणि ‘समतोल टाकी’ची कल्पना रूढ झाली. वनस्पती, प्राणी आणि सफाई करणारे जीव योग्य प्रमाणात ठेवले की पाणी बदलायची गरज नाही, असे तिचे सार.

फिलिप हेन्री गॉस या निसर्गलेखकाने हीच कल्पना खाऱ्या पाण्यात नेली. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. जगातले ते पहिले सार्वजनिक मत्स्यालय, आणि त्यातल्या प्राण्यांचा मोठा भाग गॉसनी जमवून दिला होता. १८५४ मध्ये त्यांचे ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आले. काचेवरचा कर ब्रिटनने १८४५ मध्येच रद्द केल्यामुळे काच स्वस्त झाली होती, रेल्वेने मध्यमवर्ग समुद्रकाठी पोचू लागला होता. घरोघरी टाक्या आल्या. ज्यांना समुद्राचे पाणी मिळत नसे त्यांच्यासाठी गॉसनी नेहमीचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड या चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती दिली. आज पुड्या आणि बादल्यांत मिळणाऱ्या सागरी मिठाची ती पूर्वज.

या हौसेची किंमत किनाऱ्यांनी मोजली. गॉसच्या पुस्तकांनी भारावलेल्या लोकांनी डेव्हनच्या खडकांतली डबकी ओरबाडून काढली. पुढे १९०७ मध्ये त्यांचा मुलगा एडमंड याने आपल्या आत्मकथनात याबद्दल हळहळ व्यक्त केली.

बहुतेक घरांतल्या टाक्या काही आठवड्यांतच दम तोडत. गोड्या पाण्यात जमलेला समतोल खाऱ्या पाण्यात जमेना. खिडकीतले ऊन लागले की पाणी हिरवे होई, ऊन तोडले की शैवाल मरे. एक समुद्रफूल न दिसता कुजले तरी सगळी टाकी हातची जाई. टाकी लहान, तिच्यातले पाणी थोडे आणि तेही एका जागी साचलेले. त्यात चूक पचवायला जागाच नव्हती.

उत्तराचा एक धागा वेल्समध्ये सापडला. मेनाय ब्रिज इथे लोखंडाचा ओतकारखाना चालवणारे एडवर्ड एडवर्ड्स १८६४ पासून खडकांतल्या डबक्यांचे निरीक्षण करत होते. भरतीच्या पाण्याने भरलेल्या अशा डबक्यात कपारीखालचा बराचसा भाग कायम अंधारात असतो आणि तिथले पाणी थंड व स्वच्छ राहते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी तशी टाकी बनवली. टाकीची मागची बाजू तिरकी, त्या तिरक्या पाटीमागे अंधाराचा एक कप्पा, आणि दोन्हीकडचे पाणी एकमेकांत मिसळणारे. पाहणाऱ्याला पुढचा उजेडाचा भागच दिसे. या टाकीत ते मासे दीर्घकाळ पाणी न बदलता ठेवू शकत. टाकीतला काही भाग फक्त पाण्यासाठी, शोभेसाठी नव्हे, असा राखून ठेवणारी ही सुरुवातीची रचना. पुढे मोठ्या मत्स्यालयांनी हे तत्त्व उचलले.

त्याला यंत्राची जोड दिली विल्यम ॲल्फर्ड लॉइड यांनी. लॉइड लंडनमध्ये सागरी प्राणी, टाक्या आणि समुद्राचे पाणी विकण्याचे दुकान चालवत. आपल्या गिऱ्हाइकांच्या टाक्या का मरतात, हे त्यांना रोज पाहायला मिळे. १८६० च्या दशकात हॅम्बुर्गच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयाचे काम त्यांच्याकडे आले, आणि ऑगस्ट १८७१ मध्ये लंडनजवळ सिडनममधल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांचे सर्वांत गाजलेले मत्स्यालय उघडले. तिथल्या सगळ्या दर्शनी टाक्यांत मिळून जेवढे पाणी होते त्याच्या कितीतरी पट पाणी जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात होते. वाफेच्या यंत्राने चालणारे पंप ते रात्रंदिवस वर चढवत. ते जोरदार धारेने, हवा सोबत घेत टाक्यांत शिरे, एका टाकीतून दुसरीत ओसंडे आणि शेवटी पुन्हा हौदात उतरे. लोखंड, तांबे किंवा पितळ खाऱ्या पाण्यात गंजते आणि तांब्याचा अंशही गोगलगायी-प्रवाळांना मारतो, म्हणून पाण्याला लागणारे भाग व्हल्कनाइट या कडक रबराचे केलेले होते. समुद्र मैलोगणती दूर असूनही तेच पाणी वर्षानुवर्षे चालले.

नेपल्समध्ये अँटोन डोर्न यांनी उभारलेल्या सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयासाठीही लॉइड यांचाच सल्ला घेतला गेला. ते १८७४ मध्ये उघडले आणि जगातल्या जुन्या, टिकून राहिलेल्या मत्स्यालयांत आज त्याची गणना होते.

आजचा छंदी माणूस लॉइड यांच्या आराखड्याकडे पाहील तर त्याला तो लगेच ओळखू येईल. खाली मोठा साठा, वर शोभेची टाकी, गुरुत्वाकर्षणाने उतरणारे पाणी, पंपाने चढणारे पाणी. अंधारामुळे शेवाळ वाढत नाही, साठा मोठा असल्याने घाण विरळ होते, हे लॉइड यांना ठाऊक होते. पाणी नेमके साफ कोण करते, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा सगळा भर हवेवर होता.

त्याचे उत्तर पॅरिसच्या सांडपाण्यातून मिळाले. १८७७ मध्ये थिओफिल श्लोसिंग आणि अशिल म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. मग खालून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनियाऐवजी नायट्रेट दिसू लागले. हा नुसता रासायनिक खेळ असता तर तो पहिल्या दिवसापासूनच दिसायला हवा होता. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बनणे थांबले. म्हणजे वाळूत कोणीतरी जिवंत होते आणि ते गुंगीत गेले होते.

हे वाचून इंग्लंडमध्ये ज्याने तोच प्रयोग मातीवर करून पाहिला त्याचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. गोल्डफिश आणि गोगलगायींच्या वॉरिंग्टन यांचा हा त्याच नावाचा मुलगा. रोथॅमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात काम करताना त्याने दाखवले की अमोनियाचे आधी नायट्राइट होते, मग त्याचे नायट्रेट, आणि ही दोन पावले वेगवेगळे सूक्ष्मजीव टाकतात. ते जीव वेगळे काढणे त्याला जमले नाही. ते १८९० मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राड्स्की यांनी साधले. वडिलांनी मासे आणि रोपे यांच्यात जो हिशेब मांडला होता त्यातला सर्वांत मोठा भागीदार सापडला, तो असा दुसऱ्या पिढीत आणि शेतीच्या प्रयोगशाळेत.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेले अन्न कुजून अमोनिया होतो, आणि तो अगदी थोडा असला तरी विषारी असतो. नव्या टाकीत त्याला खाणारे जिवाणू पुरेसे व्हायला काही आठवडे जातात. दुकानदार नव्या गिऱ्हाइकाला ‘टाकी सायकल होऊ द्या, मग मासे घ्या’ असे सांगतो, त्यामागे श्लोसिंग-म्युंट्झ यांच्या नळीतले ते वीस दिवस आहेत.

मत्स्यालयांच्या आधी या शोधाचा उपयोग नगरपालिकांनी केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १८८७ मध्ये लॉरेन्स इथे प्रयोगकेंद्र काढले आणि खडीच्या थरांवर थोड्याथोड्या वेळाने सांडपाणी सोडून पाहिले. १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये दगडांच्या उंच ढिगावर सांडपाणी शिंपडणारे झिरप-गाळे (फिल्टर) उभे राहिले. दगड पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, त्यांच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहू द्यायचा. जिवाणूंना हवा आणि अन्न एकाच वेळी मिळते. सांडपाण्याचा हा दगडी ढीग पुढे नव्वदेक वर्षांनी प्लास्टिकच्या गोळ्यांचे रूप घेऊन मत्स्यटाकीच्या कपाटात शिरणार होता.

दरम्यान सार्वजनिक मत्स्यालये समुद्रकाठीच वाढत राहिली. भारतात मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर वस्तुसंग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सागरी मत्स्यालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. त्याच्या सुमारे ८ लाख रुपयांच्या खर्चातले २ लाख डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीतून आले होते. शाळेच्या सहलीने तिथे गेलेल्या मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्रातला जिवंत मासा प्रथम पाहिला तो याच काचांमागे. घरी मात्र गोल्डफिश आणि गप्पी. समुद्राचा मासा घरात ठेवणे ही गोष्ट जगभर तेव्हा दुर्मीळच होती.

अडचण आधी टाकीचीच होती. लोखंडी चौकटीत लांबीने बसवलेल्या काचा खाऱ्या पाण्यात टिकत नसत. चौकट गंजे, लांबी झिजे, आणि दोन्हींचे अंश पाण्यात उतरत. १९६० च्या दशकात सिलिकोन चिकटवणी आली आणि काचेला काच थेट चिकटू लागली. चौकटीविना पूर्ण काचेची टाकी हवी त्या मापात घडवता येऊ लागली, तिच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या बसवता येऊ लागल्या. कप्प्यांचा सम्प घरात शक्य झाला तो या चिकटवणीमुळे.

पण कल्पना अजून यायची होती. त्या काळात अमेरिकेतला लोकप्रिय गाळा म्हणजे तळाच्या खडीखाली ठेवलेली सच्छिद्र प्लास्टिकची जाळी. हवेच्या नळीने पाणी खडीतून खाली ओढले जाई. खडीच जिवाणूंचे घर बने. मासे यात जगत, पण वर्षभरात खडीखाली गाळ साचे आणि पाण्यात नायट्रेट चढत जाई. प्रवाळांना ते मानवत नसे. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांनी ‘फिश अँड इन्व्हर्टिब्रेट कल्चर’ या पुस्तकात बंदिस्त पाण्यातल्या जीवरसायनाची मांडणी केली. गाळा हा नुसती चाळणी नसून जिवाणूंची वसाहत आहे, हे त्यानंतर छंदी लोकांच्या बोलण्यात रुळले.

याच्या उलट्या टोकाला जकार्ताचे ली चिन एंग होते. १९६१ मध्ये ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ मासिकात त्यांनी आपली ‘नैसर्गिक पद्धत’ सांगितली. समुद्रातून जीवजंतूंसकट उचललेला खडक, समुद्राचे पाणी, भरपूर ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे. गाळा नाहीच. त्यांच्या टाकीत प्रवाळ जगत. अमेरिकेतल्या वाचकांना हे खरे वाटेना आणि ज्यांनी करून पाहिले त्यांच्यातल्या अनेकांचे खडक वाटेतच कुजले. जकार्तात समुद्र जवळ होता, हे त्यांच्या यशातले छोटे कारण नव्हते. तरीही ‘लाइव्ह रॉक’ हा शब्दप्रयोग पुढे जगभर झाला त्याची मुळे तिथे आहेत.

जर्मनीत तिसरीच वाट निघाली. पाण्यात विरघळलेली प्रथिने आणि तेलकट अंश हवेच्या बुडबुड्यांना चिकटतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर साचणारा पिवळट फेस याच गुणाने बनतो. उंच नळीत पाणी वरून खाली आणि बारीक बुडबुडे खालून वर सोडले की फेस वरच्या पेल्यात जमतो आणि तो ओतून टाकता येतो. एर्विन सँडर यांच्या कंपनीने १९६० च्या दशकात असे प्रोटीन स्किमर बाजारात आणले. बुडबुडे बारीक यावेत म्हणून त्यांत लाकडी तुकड्यांतून हवा सोडत. जिवाणूंचे गाळे घाणीचे रूप बदलतात. स्किमर ती कुजण्याआधीच बाहेर काढतो.

१९७३ मध्ये पेटर विल्केन्स यांचे उष्ण कटिबंधातल्या निम्नस्तरीय सागरी प्राण्यांवरचे पुस्तक जर्मनमध्ये आले. दगडी प्रवाळांना सांगाडा बांधायला कॅल्शियम लागते, तेव्हा टाकीत भर घालताना चुन्याची निवळी वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. बर्लिनच्या छंदी मंडळींनी यातून एक पद्धत घडवली. लाइव्ह रॉक, दणकट स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी, बाकी काही नाही. त्यांच्यातल्या डीट्रिख श्ट्युबर यांच्या टाकीत वाढलेल्या अक्रोपोरा प्रवाळाचे तुकडे हातोहात युरोपभर आणि पुढे अमेरिकेतही गेले. आजही तो प्रवाळ त्यांच्या नावाने ओळखला जातो.

सम्प मात्र हॉलंडमधून निघाला. तिथल्या छंदी लोकांनी सांडपाण्याच्या झिरप-गाळ्याची लहान आवृत्ती टाकीखाली बसवली. वरच्या टाकीतून ओसंडलेले पाणी छिद्रांच्या तबकडीवर पडे, तिथून गुंडाळलेल्या जाळीदार पट्टीवरून झिरपत खालच्या हौदात जमे आणि पंपाने परत वर जाई. जानेवारी १९८६ पासून ‘फ्रेशवॉटर अँड मरीन अक्वेरियम’ या अमेरिकी मासिकात जॉर्ज स्मिट यांनी या पद्धतीवर लेखमाला लिहिली. सोबतच्या छायाचित्रांत प्रवाळांनी भरलेल्या टाक्या होत्या आणि त्या टाक्यांत गाळ्याची एकही नळी दिसत नव्हती. अमेरिकेतल्या छंदाची दिशा त्या लेखमालेने बदलली. दोन-तीन वर्षांत कपाटातल्या टाक्या आणि काटेरी प्लास्टिकचे बायोबॉल दुकानांत रचले गेले. लॉइड यांचा हौद घरात आला, फक्त वाफेच्या यंत्राऐवजी विजेचा पंप घेऊन.

बायोबॉलचे राज्य फार टिकले नाही. त्यांच्यावरून वाहणाऱ्या पाण्याला हवा भरपूर मिळते, त्यामुळे अमोनियाचे नायट्रेट झपाट्याने होते, आणि गाडी तिथेच अडते. नायट्रेटचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू हवा नसलेल्या जागीच काम करतात. अशी जागा खडकाच्या आतल्या सूक्ष्म पोकळ्यांत असते, प्लास्टिकच्या गोळ्यावर नसते. अमेरिकेतले छंदी बायोबॉलना ‘नायट्रेटचा कारखाना’ म्हणू लागले. १९९४ मध्ये चार्ल्स डेलबीक आणि ज्युलियन स्प्रंग यांच्या ‘द रीफ अक्वेरियम’ने बर्लिन पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत नीट पोचवली आणि लोकांनी सम्पमधले गोळे मूठमूठ काढून टाकले. टाकी मात्र कोणी काढली नाही. स्किमर, हीटर, पाण्यातला पंप हे सगळे दर्शनी काचेमागून हलवायला ती जागा फार सोयीची ठरली होती. शिवाय काठावरून ओसंडणारे पाणी पृष्ठभागावरचा तेलकट थर आपोआप घेऊन जाते, हा फायदाही कळला होता.

रिकाम्या झालेल्या कप्प्याला नवा भाडेकरू मिळाला तो वॉशिंग्टनमधून. स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी हे शैवालांचे अभ्यासक. १९८० मध्ये तिथल्या निसर्गइतिहास संग्रहालयात त्यांनी जिवंत प्रवाळबेट मांडले. पाणी साफ करायला त्यांनी जिवाणूंचा गाळा वापरलाच नाही. उथळ तबकांत प्रखर उजेडाखाली शैवालाचा गालिचा वाढवायचा, पाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस त्याला खाऊ द्यायचे आणि तो खरवडून फेकायचा. भक्षक माशांपासून दूर, छोट्या जीवांना निर्धास्त वाढता येईल अशा जोडटाक्याही त्यांच्या रचनेत होत्या. त्यातूनच घरगुती सम्पमधला ‘रेफ्युजियम’ आला. त्यात आज बहुधा कीटोमॉर्फा हे गुंतवळासारखे हिरवे शैवाल असते आणि दिवा रात्री लावतात. प्रकाशसंश्लेषण दिवसा वरच्या टाकीत आणि रात्री खाली चालल्याने पाण्याचा पीएच रात्री फार घसरत नाही.

एवढे सगळे टाकीखाली आले, त्याबरोबर एक जुनीच भीती घरात शिरली. क्रिस्टल पॅलेसमध्ये पाणी सांडले तर ते फरशीवर सांडे. घरात ते गालिच्यावर आणि खालच्या मजल्याच्या छतावर येते. ओसंडणारे पाणी पाइपातून उतरताना हवा गिळते आणि गुळण्या केल्यासारखा आवाज करते. तो थांबवण्यासाठी छंदी लोकांनीच एकामागून एक तोडगे काढले. वाकडे तोंड आणि वर हवेचे छिद्र असलेला ड्युर्सो पाइप त्यातला सर्वांत परिचित. नंतरच्या रचनांत एक पाइप पूर्ण भरून वाहतो, दुसरा थोडेसे उरलेले पाणी घेतो आणि तिसरा कोरडा राहतो. पहिल्यात गोगलगाय अडकली तर पाणी त्या तिसऱ्या वाटेने उतरते.

आज कोणी ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकी बसवायची ठरवली तर तिच्यात साधारण ४५० लिटर पाणी मावते. तिच्या सम्पचे माप ठरते ते वीज जाते त्या क्षणावरून. पंप थांबला की वरची पातळी ओसंडण्याच्या काठापर्यंत उतरते, आणि परतीच्या पाइपाचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर त्यातूनही पाणी उलटे खाली येऊ लागते. एवढ्या टाकीची पातळी अडीच सेंटिमीटर उतरली तरी सुमारे १८ लिटर पाणी खाली येते. पाइपांतले पाणी वेगळेच. ते सगळे मावेल इतकी जागा सम्पमध्ये कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपाचे तोंड पृष्ठभागाजवळ ठेवतात किंवा त्याला बारीक छिद्र पाडतात, म्हणजे हवा शिरून उलटा प्रवाह तुटतो. एकदिशा झडपेवर जाणते लोक विसंबत नाहीत, कारण क्षाराचा खडा किंवा गोगलगाय तिला उघडी ठेवू शकते. महाराष्ट्रातल्या ज्या गावांनी भारनियमन अनुभवले आहे तिथे या हिशेबाचे महत्त्व सांगावे लागत नाही.

बाष्पीभवनाचा हिशेबही सम्पमध्येच दिसतो. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. वरच्या टाकीची पातळी काठाने बांधलेली असल्याने घट फक्त पंपाच्या कप्प्यात कळते. तिथे तरंगता खटका बसवतात आणि तो कमी झालेले गोडे पाणी भरून काढतो. पृष्ठभागावर पंखा सोडून पाणी गार ठेवण्याची युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात चांगली चालते. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद, तेव्हा मे महिन्यात पाणी गार करणाऱ्या चिलरला पर्याय उरत नाही.

भारतात या इतिहासाला आणखी एक वळण मिळाले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले मासेही त्याच वर्षी त्या यादीत आले. मन्नारचे आखात असो, लक्षद्वीप असो की मालवण, प्रवाळाचा जिवंत खडक तिथून उचलणे गुन्हा आहे. म्हणजे ली चिन एंग आणि बर्लिनकर ज्याच्या भरवशावर होते तो खडक इथल्या समुद्रातून आणण्याचा मार्गच बंद. त्यामुळे मुंबई-पुण्यातले बरेचसे छंदी कोरड्या किंवा कृत्रिम खडकाने सुरुवात करतात, जिवाणू बाटलीतून आणतात आणि वसाहत रुजेपर्यंत अमोनिया-नायट्राइट मोजत थांबतात. अशा खडकावर सुरुवातीला जिवाणू तुरळक असतात आणि भार पेलायला दुसरी जागा लागते. म्हणून सम्पच्या मधल्या कप्प्यात, जिथे एकेकाळी बायोबॉल असत तिथे, सच्छिद्र सिरॅमिकच्या विटा येऊन बसल्या आहेत. त्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवतात. बाहेरच्या पृष्ठावर अमोनिया खाणारे जिवाणू राहतात आणि आतल्या, हवा न पोचणाऱ्या छिद्रांत नायट्रेट फोडणारे, अशी त्यामागची अपेक्षा असते.